आज किती पानं? बंद झालेल्या खानावळींचा उशिरा लिहिलेला रिव्ह्यू

खानावळीत सकाळी मालकाने आचाऱ्याला विचारायचा पहिला प्रश्न ठरलेला असे: आज किती पानं? पान म्हणजे जेवणारा माणूस. महिन्याचे मेंबर किती, त्यातून आज खाडे, म्हणजे न जेवणारे, किती, वर पाहुणे किती, एवढी बेरीज-वजाबाकी झाली की आकडा हातात यायचा. साठ पानं म्हटली की पुढचं सगळं आपोआप ठरे. सहा-साडेसहा किलो तांदूळ, सात-आठ नारळ, पानामागे अर्धा बांगडा धरला तर तीस बांगडे आणि वर चार-पाच जादा. आकडा आधी कळत असल्याने जिन्नस मोजून येई, वाटण एकदाच होई आणि दुपारी अडीचला पातेली घासायला पडत. फ्रीज बहुतेक ठिकाणी नसेच, आणि त्याचं फारसं अडतही नसे.

गिरगाव, दादर, लालबाग-परळ आणि पुण्याच्या पेठांमधल्या ज्या खानावळी आता नाहीत, त्यांच्या चवीबद्दल बोलताना लोक मसाल्याचं गुपित, आजीचा हात वगैरे बोलतात. आचारी तर वर्षा-दोन वर्षांनी बदलत. चव टिकवून ठेवायचा तो सकाळचा आकडा.

मासळीच्या खानावळींचं नाव निघालं की गिरगावातल्या खोताच्या वाडीतलं ‘अनंताश्रम’ आठवणारे पुष्कळ भेटतात. गोमंतकी पद्धतीचं जेवण, अरुंद गल्लीत जुन्या ख्रिस्ती घरांच्या शेजारी, आणि तुसडेपणासाठी प्रसिद्ध असलेली वाढपी मंडळी. बंद होऊन बरीच वर्षं झाली. त्या तुसडेपणाचे किस्से इतके झाले, की तिथला रस्सा कसा होता हे सांगणारा विरळा. खरं तर बहुतेक खानावळींत वाढपी कमीच बोले. कारण सरळ आहे: साठ पानं, वीस खुर्च्या, म्हणजे दीड-दोन तासांत तीन पंगती. एका पंगतीला अर्धा तास. त्यात गप्पा मारणाऱ्याचं ताट गार होतं आणि दारात उभा असलेला पुढचा मेंबर घड्याळ बघतो. पाणी आधी, ताट लगेच, भात मागितला की दुसऱ्या मिनिटाला. सेवा म्हणून याला पैकीच्या पैकी गुण द्यायला हवेत. हसून स्वागत हवं असेल त्यांनी दुसरीकडे जावं, असा एकंदर खाक्या.

आता ताटाकडे. मासळीच्या साध्या ताटात एक तुकडी तळलेली, एक वाटी रस्सा आणि त्यात एक तुकडी, भात, दोन चपात्या किंवा तांदळाची भाकरी, सोलकढी. कुठे सुकटीची चिमूटभर चटणी. एवढंच. रस्सा त्या दिवशीच्या मासळीचा. बांगडा असेल तर बांगड्याचा, आणि त्यात तिरफळ हा कोकणातला मसाला. सुरमई असेल तर तिरफळ नाही. हा फरक आज थाळीवाल्या हॉटेलांतून जवळजवळ गेला आहे. तिथे एकच लाल ग्रेव्ही सकाळी मोठ्या पातेल्यात तयार असते. ऑर्डर आली की ती छोट्या कढईत घ्यायची, आधीच तळून किंवा वाफवून ठेवलेला मासा त्यात सोडायचा, तीन मिनिटं उकळी, वर कोथिंबीर. मासा आणि रस्सा यांची ओळख व्हायच्या आत दोघं टेबलावर. मग रस्सा मसाल्याचा लागतो आणि मासा फिक्का. पापलेट मागवा, बांगडा मागवा, वाटीत तेच.

खानावळीचा बांगड्याचा रस्सा घरी करायचा तर चार माणसांना चार मध्यम बांगडे पुरतात. खानावळीचं माप अर्ध्या बांगड्याचं, घरी कुणी तेवढ्यावर भागवत नाही. अर्ध्या नारळाचा चव (खवलेलं ओलं खोबरं), आठ बेडगी मिरच्या कोमट पाण्यात वीस मिनिटं भिजवून, चमचाभर धणे, चार-पाच मिरी, पाव चमचा हळद, अर्धा छोटा कांदा आणि लिंबापेक्षा लहान चिंचेचा गोळा. हे सगळं गंधासारखं बारीक वाटायचं. मोठ्या खानावळीत दगडी रगडा असे. मिक्सरवर करताना थांबत-थांबत आणि गार पाणी घालून फिरवा, कारण भांडं तापलं की खोबऱ्याचं तेल सुटतं आणि रस्सा शिजताना वर तवंग, खाली चोथा असा प्रकार होतो. वाटण जाडंभरडं राहिलं तरी तेच.

वाटणात दीड-दोन वाट्या पाणी घालून आधी रस्सा एकटाच पाच-सहा मिनिटं उकळायचा. कच्च्या मिरचीचा वास गेला पाहिजे, तो मासा घातल्यावर जात नाही. मग आठ-दहा तिरफळं. सुकी असतील तर आतली काळी बी काढून टाकायची, ती कडवट असते. सालं पाण्याच्या हाताने किंचित ठेचायची. तिरफळ वाटणात घालून वाटलं की सगळा रस्सा कडू होतो. ही चूक पुस्तक वाचून करणारे सगळे एकदा तरी करतात. त्यानंतर मीठ लावलेले बांगड्याचे तुकडे सोडायचे, आच मंद, सहा-सात मिनिटं. डाव घालायचा नाही, पातेलं दोन्ही कानांनी धरून हलवायचं. शेवटी चमचाभर कच्चं खोबरेल, आणि गॅस बंद करून झाकण ठेवून निदान अर्धा तास विसरून जायचं. खानावळीत रस्सा अकराला उतरे आणि पहिली पंगत साडेबाराला बसे. मधला दीड तास हाही पाककृतीचाच भाग होता, फक्त तो कुणी लिहून ठेवला नाही.

भाताचंही तसंच. मोठ्या पातेल्यात भरपूर पाणी उकळून तांदूळ वैरायचे, कणी राहिली असताना पेज काढायची आणि झाकून ठेवायचं. असा भात मोकळा होतो आणि रस्सा पितो. कुकरचा भात आधीच पाणी पिऊन बसलेला असतो, त्यावर रस्सा घातला की ताटात पळतो. काही ठिकाणी उकडा तांदूळ असे. सवय नसलेल्यांना तो जाड वाटे, पण बांगड्याच्या रश्शाला त्याच्यासारखा जोडीदार नाही.

सोलकढी ही खानावळ ओळखायची सर्वांत सोपी खूण. एका नारळाला आठ-दहा आमसुलं अर्धी वाटी कोमट पाण्यात अर्धा तास, दोन-तीन लसणीच्या पाकळ्या, एक हिरवी मिरची, मीठ. नारळाचं पहिलं आणि दुसरं दूध मिळून तीन वाट्यांच्या आसपास. आमसुलांचं पाणी दुधात घालायचं, गरम करायचं नाही, चार-पाच तासांत संपवायची. रंग फिकट गुलाबी येतो, कधी किंचित जांभळट. आज अनेक ठिकाणी भडक गुलाबी, गोडसर सोलकढी येते, तेव्हा समजावं की सरबताचं सिरप किंवा रंग पडला आहे. वर पांढरे कण तरंगत असतील तर ती फ्रीजमध्ये रात्रभर बसलेली आहे, थंडीने खोबऱ्याची चरबी गोठते. खानावळीची सोलकढी गार नसायचीच. ज्यांना बर्फ हवा असे त्यांना वाढपी नुसता बघे, आणि तेवढं पुरे.

बोंबील तळायची रीतही वेळेची. ओले बोंबील उभे चिरून मधला काटा काढायचा, मीठ-हळद लावून दोन पाटांमध्ये ठेवायचे आणि वर वरवंटा किंवा पाण्याने भरलेला डबा. तासाभरात वाटीभर पाणी निघतं. मग तिखट, तांदळाचं पीठ आणि रवा, तव्यावर कमी तेलात. वजनाखाली न ठेवता तळलेला बोंबील तेलात पाणी सोडतो आणि मऊ पडतो. म्हणून हल्ली त्याला कॉर्नफ्लोअरचं चिलखत घालून तळणीत बुडवतात. कुरकुरीत लागतो, पण लागतं ते चिलखत.

आकड्याची कसोटी लागायची ती मासळी नसलेल्या दिवसांत. सोमवार, गुरुवार, चतुर्थी, एकादशीला खाणारे कमी, बुधवार, शुक्रवार, रविवारी जास्त. श्रावणात तर अर्धे मेंबर शाकाहारी. मग काळ्या वाटाण्याचं सांबार, वालाची उसळ, अळूचं फतफतं. पावसाळ्यातल्या मासेमारीबंदीच्या काळात, सध्या १ जून ते ३१ जुलै, कोळंबीचे सोडे, सुका बांगडा, जवळा बाहेर निघे. सोडे घातलेलं वांगं-बटाटं हा या दिवसांतला राजा. आजच्या थाळी हॉटेलात जुलैतही सुरमई मिळते. ती बर्फातली असते हे उघड आहे, मात्र दर ताज्याचा लागतो.

लालबाग, परळ, करी रोड, डिलाइल रोडच्या खानावळींना पाटी नसे. चाळीतल्या दहा बाय बाराच्या खोलीत एखादी मावशी वीस-तीस गिरणी कामगारांना जेवू घाली. ती स्वतः बहुधा त्या कामगारांच्याच भागातली: रत्नागिरीकडची असेल तर भात आणि कुळथाची पिठी, साताऱ्याकडची असेल तर ज्वारीची भाकरी आणि झणझणीत आमटी. गिरणीच्या तीन पाळ्या, म्हणून जेवणंही तीन वेळांची, आणि स्टोव्ह जवळजवळ दिवसभर पेटलेला. कामगार पगाराला पैसे देई, मावशी वाण्याकडून महिनाभर उधारीवर माल उचले. मधल्या काळात कुणी आजारी पडलं, लग्न निघालं, की सावकार. १९७५ मध्ये कामगार चळवळीतल्या प्रेमा पुरव यांनी अशाच बायकांना एकत्र करून अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं आणि त्यांना बँकेच्या कर्जापर्यंत नेलं. नाहीतर या धंद्याला धंदा म्हणायलाही कुणी तयार नव्हतं.

१८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार. पहिल्या महिन्यात लोक गावाला गेले, ते ‘येतो’ म्हणून. मावशीच्या वहीत त्यांच्या नावापुढे खाडे पडत गेले. ज्यांची आधीची बाकी होती ती बाकीच राहिली. वाण्याची उधारी मात्र तिच्या नावावर. ही जेवणं कुणाच्या खाद्ययादीत आली नाहीत, त्यांचे फोटो नाहीत. चवीने ती गिरगावच्या नामांकित ताटांपेक्षा कमी होती असं मानायला काही आधार नाही. ज्वारीची भाकरी तव्यावरून थेट ताटात, हे आज दीडशे रुपये जास्त मोजूनही क्वचित जमतं.

आता खाड्याबद्दल, कारण नव्या पिढीला हा शब्द माहीत नसतो. खाडा म्हणजे न जेवल्याचा दिवस. नियम साधारण असा: आदल्या रात्री सांगितलं तर खाडा धरला जाई आणि त्याचे पैसे वजा होत. सकाळी सांगितलं तर मालकाच्या मर्जीवर. न सांगता गेलात तर जेवलात असं समजून हिशेब. काही ठिकाणी महिन्याला ठराविकच खाडे धरत, तेही सलग दोन-तीन दिवसांचे असतील तरच. मेंबर कुरकुरत, भांडत, पण हाच नियम सगळ्यांना ताजं जेवण देत होता. न सांगता दांडी मारणाऱ्या पाच जणांचा भात उद्याच्या फोडणीच्या भातात जातो आणि मग परवा सगळेच नावं ठेवतात.

पुण्या-दादरच्या शाकाहारी बोर्डिंगांत याच आकड्यावर पोळ्या चालत. किलोभर कणकेच्या अठ्ठावीस-तीस पोळ्या, माणशी चार-पाच धरल्या तर पन्नास पानांना आठ किलोच्या आसपास कणीक. पंगत बसल्यावर लाटायला घेत, म्हणून पहिल्या पंगतीला गरम आणि तिसऱ्या पंगतीलाही गरम. आमटीला माणशी पंचवीस-तीस ग्रॅम तूरडाळ, गोडा मसाला, आमसूल, गूळ. पातळ असे हे खरं. तिसऱ्या पंगतीला आणखी पातळ होई हेही खरं, तिथे आकडा चुकला असेल तर पाण्याने जुळवत. रविवारी सकाळी फीस्ट, श्रीखंड किंवा जिलबी, आणि संध्याकाळी बंद. बंदच्या संध्याकाळी शहरातल्या मिसळ आणि पावभाजीवाल्यांचा धंदा कसा होई, त्याचा हिशेब कुणी तरी काढायला हवा होता.

कौतुक पुरे. दोषही होते, आणि बंद झाल्या म्हणून ते झाकायचं कारण नाही. माजघरात उकाडा इतका की जेवताना घाम ताटात पडे. पाण्याचा तांब्या सामाईक, हात धुवायला एक नळ आणि त्याखाली कायमचं डबकं. बायकांना बसायला जागा कित्येक ठिकाणी नावाला. एकदा मीठ जास्त पडलं की साठ जणांनी तेच खायचं, कारण दुसरा पदार्थच नाही. नावडती भाजी आली तर चटणीवर भागवा. आजच्या गिऱ्हाइकाला हे चालणार नाही आणि त्यात त्याचं काही चुकत नाही.

बंद का झाल्या, याला मुलांनी चालवल्या नाहीत हे उत्तर अर्धंच आहे. जागा बहुतेक जुन्या भाड्याच्या. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने गोठलेल्या भाड्यामुळेच एवढ्या स्वस्तात ताट परवडे. चाळीची पुनर्बांधणी निघाली की तळमजल्याची ती जागा पैशात मोजली जाई, आणि ताटाच्या हिशेबात तो पैसा कधीच बसत नसे. दुसरं म्हणजे मेंबर हलला. एकटा राहणारा कारकून, लॉजमधला विद्यार्थी, गिरणीतला बदली कामगार हे त्यांचे मेंबर. बिऱ्हाडं डोंबिवली-विरारला गेली, कचेऱ्या वांद्रे-कुर्ला आणि अंधेरीकडे. मेंबर चाळीसवरून बाराला आले की रोज येणाऱ्या-जाणाऱ्यावर विसंबावं लागतं. त्याचा आकडा सकाळी कळत नाही. मग मेन्यूकार्ड छापावं लागतं, मग ग्रेव्ही, मग फ्रीज. पाटी तीच राहते, पण खानावळ त्या दिवशीच बंद झालेली असते.

सगळंच संपलं असंही नाही. दादरचं ‘सिंधुदुर्ग’, वांद्रे पूर्वेचं ‘हायवे गोमांतक’, पुण्यात टिळक रोडचं ‘बादशाही’ ही त्याच कुळातली नावं. नवी जागा पारखायची असेल तर एसी आणि भिंतीवरच्या होड्यांकडे बघू नका. फळ्यावर खडूने लिहिलेले पदार्थ आहेत का आणि त्यातले एक-दोन दीड वाजेपर्यंत पुसले गेले आहेत का, ते बघा. काही संपतच नसेल तर काही ताजं केलेलंही नसतं. दोन वेगळ्या मासळ्यांची ताटं मागवून दोन्ही वाट्यांतले रस्से चाखा. वाढप्याला ‘आज काय आणलंय?’ विचारा. त्याने दोन नावं घेतली तर बसा. अख्खं कार्ड म्हणून दाखवलं तर शाकाहारी थाळी मागवलेली बरी.

पानांची जुनी पद्धत जशीच्या तशी बघायची असेल तर मालवण, देवबाग, तारकर्लीकडच्या घरगुती खानावळींत जायला हवं. आधी न कळवता दुपारी दीडला गाडी दारात उभी करून पापलेट मागणारे तिथून हात हलवत परत येतात. आदल्या रात्री, फार तर सकाळी बाजार निघायच्या आत फोन करायचा. किती पानं, त्यात शाकाहारी किती, किती वाजता बसणार, एवढं सांगायचं. कोणती मासळी, ते खानावळ चालवणाऱ्या बाई सांगतील. आणि बेत बदलला तर पुन्हा फोन करून खाडा सांगायचा, कारण पलीकडे तुमच्या नावाचे बांगडे मोजून घेतले जात असतात.